सातभाईंत न मावणारा पक्षी

१४ डिसेंबर, रविवार. दुपारची जेवणं उरकली, ओटा पुसून झाला आणि मी गाईडच्या परीक्षेतले चोवीस जणांचे गुणांचे कागद घेऊन बसले. गुण आदल्या दिवशीच देऊन झाले होते. बेरजा एकदा तपासायच्या, निवडलेली सहा नावं वनखात्याला फोनवर कळवायची आणि जंगलाच्या गेटवर लावायच्या फलकासाठी वीस पक्ष्यांची शास्त्रीय नावं उतरवून काढायची. फार तर तासाभराचं काम.

मी चंद्रपूरला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. नवरा वीज केंद्रात, म्हणून घर ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये. गडचिरोलीकडच्या एका जंगलाच्या गेटवर सहा गाईड घ्यायचे होते आणि पक्ष्यांची परीक्षा माझ्याकडे आली होती. त्यात लिहायचं काही नव्हतं. वीस पक्ष्यांची वीस कार्डं टेबलावर मांडायची आणि एका कुळातले पक्षी एका ढिगात लावायचे. एका कार्डाला एक गुण, उरलेले तीस गुण तोंडी प्रश्नांना. कोणी घाबरून अडू नये म्हणून मी प्रत्येक चित्राखाली मराठी नाव छापलं होतं. हा माझा चांगुलपणा. तोच अंगाशी आला.

शनिवारी एक बाई आल्या होत्या. अडतीस वर्षांच्या, जंगलातल्या गावच्या, सातवी शिकलेल्या. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायचा, पावसाळ्यानंतर गवत कापायचं, हे त्यांचं काम. एकोणीस कार्डं त्यांनी पटापट लावली. विसावं हातात धरून उभ्या राहिल्या. चित्रात चिमणीएवढा पक्षी, लांब शेपूट, पांढरी छाती, डोळ्याभोवती नारिंगी कडं. खाली नाव : पिवळ्या डोळ्यांचा सातभाई.

"याले कुठी ठेवू, मॅडम?"

"तुम्हीच ठरवा."

"याच्या घरचं कोणी नाई इथी." असं म्हणून त्यांनी ते कार्ड टेबलाच्या कोपऱ्यात एकटंच ठेवलं.

मागे रांगेत उभ्या असलेल्या एकाला राहवलं नाही. "अवो बाई, नाव तं वाचा! सातभाई लिवलं आहे, सातभाईत टाका. काऊन मार्क घालवून राह्यल्या?"

"वाचता येते मले, भाऊ," बाई म्हणाल्या. "सातभाई घर बांधते म्हंजे नुसत्या काड्या टाकते. हे पाखरू गवताच्या दोन उभ्या काड्यांत खोल वाटी विणते, वरून कोळ्याच्या जाळ्यानं लिंपते. गवत कापता कापता किती पाह्यल्या मी. सातभाईले सात जनम नाई जमणार."

सगळे हसले. मीही हसले आणि शून्य दिलं. उत्तरं मी माझ्या शिकतानाच्या पुस्तकावरून काढली होती. त्या पुस्तकात तो पक्षी सातभाईंच्याच कुळात होता.

रविवारी बेरजा जुळल्या. सहाव्या माणसाला पन्नासपैकी एक्केचाळीस गुण होते. तो म्हणजे रांगेतून बोललेलाच, तिशी ओलांडलेला, ऑटो चालवणारा. बाईंना चाळीस. त्या सातव्या. एका गुणाने जागा गेली, तेंदूपत्ता चालू राहणार. वाईट वाटलं, पण परीक्षा म्हटली की कोणीतरी सातवं असतंच. मी यादी फोनवर सांगून टाकली आणि लॅपटॉप उघडला.

फलकावर चुकीचं स्पेलिंग नको म्हणून पक्ष्यांची चालू वर्षाची यादी काढली. सातभाईंचं कूळ उघडलं. रानसातभाई होता. मोठा सातभाई होता. पिवळ्या डोळ्यांचा नव्हता. मला वाटलं नजर चुकली. पुन्हा वरून खाली आले. नव्हता. मग शास्त्रीय नावाने शोधलं, क्रायसोम्मा सायनेन्स, आणि तो सापडला पार दुसऱ्याच ठिकाणी. बांबूच्या रानात राहणारे, पोपटासारख्या जाड चोचीचे इवले पक्षी असतात, त्यांच्या कुळात. त्यातले बहुतेक हिमालयात आणि त्याच्या पलीकडे चीनमध्ये.

मी खुर्चीतून उठलेच. पुढचे दोन तास कसे गेले कळलं नाही. एक वाचलं की दुसरं उघडायचं. या पक्ष्याला पहिलं नाव मिळालं तेव्हा शास्त्रज्ञापुढचा नमुना चीनचा होता, म्हणून तो सायनेन्स, म्हणजे 'चीनचा'. आपल्याकडच्या झुडपाझुडपांत तो असला तरी नाव बदलायचं नाही, कारण प्रजातीला दिलेलं सगळ्यात जुनं नाव टिकतं असा नियम. कुळाला मात्र तो नियम नाही. पहिल्यांदा त्याला रामगंगा नावाच्या छोट्या पक्ष्याच्या गोतात घातलं होतं. मग सातभाईंत. मग जनुकं तपासली, तेव्हा कळलं की सातभाईंशी त्याचं जवळचं नातंच नाही. काही काळ वटवट्या पक्ष्यांच्या जवळ ठेवला, शेवटी या बांबूवाल्यांत. इतकी घरं बदललेला पक्षी आमच्या कॉलेजच्या कुंपणावर रोज ओरडतो आणि मी पंचवीस वर्षं मुलांना त्याचा जुना पत्ता सांगत आले!

बांबूवाल्यांची घरटी पाहिली. खोल वाट्या, विणलेल्या, कोळिष्टकानं लिंपलेल्या. मी मोठ्याने "अगं बाई!" म्हणाले.

नवरा ड्युटीवरून आला होता. "काय झालं?"

सगळं सांगितलं. तो बूट काढत म्हणाला, "पक्ष्यानं घर बदललं, तर तू कशाला सामान हलवून राह्यली?"

"कारण शून्य मी दिलंय."

माझ्या वीस कार्डांत त्या कुळाचा दुसरा एकही पक्षी नव्हता. म्हणजे एकटं ठेवणं हेच बरोबर उत्तर. चोवीसपैकी ते एकीनेच दिलं होतं.

मी गेटवरच्या वनखात्याच्या साहेबांना फोन लावला. "यादी लावू नका. एक गुण वाढतोय."

"मॅडम, टाईप झाली, सही झाली. सकाळी आठला लावणार. एका चिमणीपायी?"

"चिमणी नाही ती. आणि चूक माझी आहे, लेखी देते."

"मग बाकीच्या तेवीस जणांचा गुण कापणार?"

कार्डावर सातभाई मीच छापलं होतं. ज्यांनी ते वाचून विश्वास ठेवला, त्यांना शिक्षा कशाची? "कोणाचा कापणार नाही," मी म्हणाले. "बाईंना फक्त त्यांचा द्यायचा. दोघांचे एक्केचाळीस होतात."

"जागा सहाच आहेत."

"जाहिरातीत काय लिहिलंय? समान गुण झाले तर?"

कागद चाळल्याचा आवाज आला. "वयानं मोठा तो आधी." मग वयं पाहून, "बाई मोठ्या आहेत. पण त्या ऑटोवाल्याला कोण सांगणार? मी त्याला दुपारीच फोन केलाय. पेढे वाटले असतील त्यानं."

"मी सांगते."

पत्र लिहिलं, जुन्या पुस्तकाचं पान आणि नव्या यादीचं पान दोन्ही जोडली, कॉलेजला रजेचा मेसेज केला.

सकाळी साडेपाचला गाडी काढली. मूल आणि सावली ही गावं मागे गेली, वैनगंगेच्या पुलावर उजाडलं. साडेसातला गेटवर पोचले. साहेबांनी पत्र वाचलं, मान हलवली, नवी यादी छापून आणली. मी स्वतः ती काचेत लावली.

ऑटोवाला आलाच होता, नवा शर्ट घालून. मी त्याला बाजूला नेलं नाही. सगळ्यांसमोर सांगितलं, कारण शनिवारी हसलोही सगळ्यांसमोर होतो.

"कार्डावर तं तुम्हीच लिवलं होतं, मॅडम," तो म्हणाला.

"हो. मीच चुकीचं लिहिलं. म्हणून तुमचा गुण कापला नाही. पण त्यांनी पक्षी पाहून ठेवलं, तुम्ही नाव वाचून."

त्याने काचेवर बोट फिरवत यादीतली सहाही नावं वाचली. "बायकोले काय सांगू आता?"

"जाऊ नका, थांबा," मी म्हणाले.

बाई अंगणाच्या टोकाला उभ्या होत्या. कुळाचं सगळं सांगितल्यावर त्यांनी एकच विचारलं, "मंग त्याचे सगेसोयरे कुठी राह्यते?"

"हिमालयात. चीनकडे."

"एवढ्या दूर!" त्या मनापासून हसल्या. "म्हणूनच इथी कोणी भेटलं नाई मले."

आठ वाजून वीस मिनिटांनी पर्यटकांची पहिली गाडी त्यांना घेऊन आत गेली. मी दोन खुर्च्या मागितल्या. ऑटोवाल्याला समोर बसवलं, त्याचा कागद काढला आणि पुढच्या भरतीच्या तयारीसाठी त्याचे नऊ गुण कुठे कुठे गेले ते एकेक करून दाखवायला लागले.