अकरा जणांना एकच प्रश्न

एमएस्सीच्या तोंडी परीक्षेत सरांनी मला विचारलं, "एकाच जनुकातून वेगवेगळी प्रथिनं कशी होतात?"

मी गोंदिया जिल्ह्यातल्याच गोरेगावहून एसटीने गोंदियाला कॉलेजात यायची. नागपूरच्या ग्रंथालयात एक शोधनिबंध वाचला होता, तेच सांगितलं. जनुकावरून आरएनए, म्हणजे त्याची नक्कल, उतरत असतानाच तिची काटछाट सुरू होते. उतरवणारं एन्झाइम सावकाश चाललं, तर ज्याच्या कडांवरच्या काटछाटीच्या खुणा कमजोर आहेत, असा तुकडाही आत राहू शकतो. भरभर गेलं, तर तो वगळला जातो. म्हणजे कोणतं प्रथिन होणार, हे त्या वेगावरही ठरतं.

सर बाहेरच्या परीक्षकांकडे बघून हसले. "हिचे बाबा दुसऱ्याच्या बांधीत धान कापतात. पेरता-पेरताच कापणी करत असतील!" परीक्षकही हसले. मग सर मला म्हणाले, "अख्खा आरएनए आधी तयार होते, मग काटछाट. माझ्या नोट्समध्ये लिहून आहे."

माझा प्रथम वर्ग त्या तोंडीत गेला. बाबांना मी मार्क सांगितले, हसणं सांगितलं नाही.

नऊ वर्षांनी त्याच कॉलेजात मी बाहेरची परीक्षक म्हणून गेले. नेमणुकीचं पत्र हातात पडलं, त्याच दिवशी प्रश्न ठरवला होता. सर शेजारच्या खुर्चीत बसले.

पहिल्या मुलाने नोट्स घडाघडा म्हटल्या. अख्खा आरएनए आधी, मग काटछाट.

"हे कुणी शिकवलं?"

"सरांनी."

तो बाहेर गेल्यावर मी म्हटलं, "चूक आहे, सर." आणि पुढच्या मुलीला बोलावलं. तोच प्रश्न, तेच उत्तर. चौथ्यानंतर सर उठले. "चहा सांगतो."

"नंतर, सर. बसा."

अकरावी, शेवटची मुलगी गेली तेव्हा सर म्हणाले, "माझं वाचन मागे पडलं असेल."

"मी तेव्हाच सांगितलं होतं."

"कधी?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. मग मी त्यांचं वाक्य त्यांना ऐकवलं, पेरणी-कापणीसकट. त्यांचे कान लाल झाले. मला फार बरं वाटलं. अजूनही वाटतं.

व्हरांड्यात ती शेवटची मुलगी थांबली होती. "मॅडम, आमी फेल होऊन राहिलो का?"

"नाही. त्या प्रश्नाचे मार्क कुणाचेच कापले नाहीत."

"मंग सगळ्यायले तोच सवाल काऊन विचारला?"

मी तिला बरोबर उत्तर समजावू लागले. ती मान हलवत होती, पण बघत होती आत एकटे बसलेल्या सरांकडे.