बैल न पाहता दिलेले पैसे

कोंडेश्वरच्या महादेवाची वाट निम्मी सरली होती. श्रावणातला शेवटचा सोमवार. पुढे शेजारच्या दुर्गाबाई, त्यांच्यामागे मी, आणि त्यांचे यजमान खुशालराव कुठेच नाहीत. मागे वळून पाहिलं तर रस्त्याकडेच्या तेलघाणीत शिरलेले.

"काहो, दात पाहून राहिले का घाणीचे?" दुर्गाबाई ओरडल्या.

खुशालराव मूळचे पातूरकडचे. त्यांच्या गावात बैल घ्यायचा झाला की लोक पैसे यांच्या हाती देत आणि निवांत घरी बसत. कुठला बैल, कोणत्या बाजारातला, कोणी विचारत नसे. मनाजोगा मिळाला नाही तर पैसे जसेच्या तसे परत. पुढे ट्रॅक्टर आले आणि खुशालराव बडनेऱ्यात आमच्या शेजारी आले.

दिवाळीत पुतण्या नितेशनं सांगितलं, अमेरिकेत रिकाम्या कंपन्या असतात. स्वतःचा धंदा काहीच नाही. आधी लोकांकडून पैसे घ्यायचे, मग एखादा चालता धंदा शोधून विकत घ्यायचा. मुदतीत नाही मिळाला तर पैसे परत.

"मंग मी जनमभर दुसरं काय केलं?" खुशालराव म्हणाले, आणि गल्लीतून पैसे गोळा करून बँकेत ठेवले. मीही दिले. मुदत पोळ्यापर्यंत. पोळा आता तोंडावर आला होता आणि त्यांना एकही धंदा पसंत पडला नव्हता.

विकायला काढलेल्या त्या घाणीतून ते तेल काढून उरलेली चिमूटभर ढेप हुंगत बाहेर आले. "मालक लय हासते. दोनदा चहा पाजला. ज्याचा धंदा चालून राहिला, त्याले एवढी फुरसत राहते का?"

"मग सोडा," मी म्हटलं.

"तरी घेऊन टाकावी वाटते."

"काहून?" दुर्गाबाई थबकल्या.

"रिकाम्या हातानं गावात परतलो का लोक पैसे घेऊन जात. इथले म्हणतीन, राहू द्या भाऊजी, पुढच्या साली पाहू. त्या लाजेनं मी लंगडं जनावर आणीन अन् जनमभराचं नाव घालवीन."

"मी आज महादेवाला एवढंच मागणार होते, भाऊजी," मी म्हटलं. "तुम्हाला एक चांगला धंदा मिळू दे."

"महादेवाले कायले त्रास? तुमीच करा ना एक काम, वहिनी. पोळ्याच्या दिवशी सगळ्याइच्या पयले या. ओसरीत उभ्या राहून मोठ्यानं म्हणा, भाऊजी, माह्ये पैसे वापस द्या. अन् जराकसं रागानं म्हणजा."