अप्पा आणि एका पंखाचा मल्लप्पा

उदगीरच्या बाजारात शिवलिंगअप्पांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं आणि त्या दुकानातल्या गादीवर अप्पा होते. गादी आणि अप्पा एकाच मुहूर्तावर बसवले असावेत, अशी बाजारातल्या लोकांची समजूत होती. अप्पांना उठलेलं कुणी फारसं पाहिलेलं नव्हतं. त्यांनी एका लांब वेळूच्या टोकाला तारेचा आकडा बसवून घेतला होता. गिऱ्हाइकानं वरच्या फळीवरची कळशी मागितली की अप्पा बसल्या जागेवरून वेळू उचलत, आकडा कळशीच्या गळ्यात अडकवत आणि ती अलगद मांडीवर उतरवत. दहातली एखादी कळशी खाली पडे, सोबत आणखी चार भांडी घेऊन. सगळा बाजार दणाणून जाई. अप्पा शांतपणे म्हणत, "पडू द्या. स्टील हाय, रडत न्हाई."

मी तेव्हा तिथल्या एका कॉलेजात शिकवत होतो आणि अप्पांच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. त्यांना साखरेचा त्रास होता. डॉक्टर रोज चालायला सांगत. अप्पा मला म्हणत, "सर, मी मनानं लई फिरतो. आत्ता बसल्या बसल्या बिदरला जाऊन आलो." त्यांची बायको, गंगाक्का, आतून ओरडे, "येताना तिकडून दळण तरी आणायचं होतं!"

संक्रांतीनंतरची गोष्ट. पतंगाच्या मांज्यात अडकलेला एक राघू गंगाक्काच्या अंगणात पडला. उजवा पंख जवळजवळ तुटलेला आणि एक पाय लुळा. अप्पांनी त्याला दुकानातल्या मोठ्या चाळणीत ठेवलं, वर दुसरी चाळणी पालथी घातली, आणि आम्ही रिक्षानं जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथं सगळा देवणी बैलांचा आणि म्हशींचा मामला. बैलांच्या रांगेत दोन चाळण्या मांडीवर घेऊन बसलेले अप्पा पाहून एका शेतकऱ्यानं विचारलं, "अप्पा, पीठ आजारी पडलं का?"

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि स्पष्ट बोलणाऱ्या. पंखाचा तुटका भाग त्यांना काढावाच लागला. "जगेल," त्या म्हणाल्या, "पण उडणार नाही. आणि अप्पा, राघू घरात पाळणं कायद्याला चालत नाही. मी वनखात्याला कळवते. बरा होईपर्यंत तुमच्याकडे राहू देतील. पुढं नांदेडजवळ अशा पक्ष्यांसाठी एक जागा आहे, तिथं जाईल."

वनरक्षक येऊन पाहून गेला. त्यानं सांगितलं, "तिथं मोठ्या जाळीत लई पाखरं हायेत. ह्याला झाडावर चढता आलं पाहिजे, आपलं आपण खाता आलं पाहिजे. न्हाईतर बाकीचे ह्याला टिकू देणार न्हाईत. तयार झाला की नेतो."

अप्पांनी राघूचं नाव मल्लप्पा ठेवलं आणि त्याला गादीवर आपल्या शेजारी बसवलं. मग दोघंही बसले. अप्पा शेंगदाणे खात आणि मल्लप्पाला देत. मल्लप्पा खाई आणि डोळे मिटून घेई. गंगाक्का म्हणे, "एक होता, आता दोन झाले." महिनाभरात मल्लप्पा चांगला गोल झाला. आणि मग एका सकाळी गादीवर हिरवी पिसं दिसली. तो स्वतःच्या छातीवरची पिसं स्वतःच उपटत होता. दोन-तीन दिवसांत तिथली कातडी उघडी पडली, रक्त दिसायला लागलं. अप्पांनी वेळूला हातही न लावता उठून चाळण्या काढल्या.

डॉक्टरीणबाईंनी त्याला उलटासुलटा तपासला आणि म्हणाल्या, "आजार काही नाही. हा कंटाळलाय. रानात ह्याला दिवसभर दाणा शोधावा लागतो, सोलावा लागतो, चढावं-उतरावं लागतं. तुम्ही सगळं चोचीत देताय. असाच बसून राहिला तर हातचा जाईल."

अप्पांना हे वर्मी लागलं. "बसून कुणी मरत असतंय का, बाई?"

बाईंनी अप्पांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मरतंय, अप्पा."



दुसऱ्या दिवसापासून दुकानाची तालीम झाली. लिंबाच्या आणि पेरूच्या फांद्या आल्या, काही जाड, काही बारीक. लुळ्या पायाला टोचू नये म्हणून गंगाक्कानं त्यांच्यावर जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळल्या. दोन फळ्यांच्या मध्ये सुतळीची शिडी टांगली आणि खाली गादी अंथरली. म्हणजे अप्पांची गादी. अप्पांना बसायला जागाच उरली नाही.

मल्लप्पा शिडीकडे ढुंकूनही पाहीना. पण अप्पा पलीकडच्या टोकाला उभे राहिले, की तो त्यांच्याकडे यायला धडपडे. म्हणजे अप्पांना उभं राहणं आलं. तो खालून निघाला की अप्पांनी वर स्टुलावर चढायचं. तो वर पोचला की अप्पांनी खाली उतरायचं. "बा, मल्लप्पा, बा," अप्पा घरच्या कानडीत बोलावत. ये, ये. मल्लप्पा चोचीनं सुतळी धरी, चांगला पाय वर टाकी, आणि लुळा पाय मागून ओढून घेई. पोपटाला चोच हा तिसरा पाय असतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. तो पुष्कळदा पडला. प्रत्येक वेळी अप्पा "अय्यो!" म्हणून छातीला हात लावत. मल्लप्पा मात्र पिसं झटकून अप्पांनाच शिव्या दिल्यासारखा ओरडे आणि पुन्हा चढायला लागे.

पंखांसाठी वेगळा व्यायाम होता. अप्पा त्याला मनगटावर घेत आणि हात हळूच खाली नेत. तोल सांभाळायला मल्लप्पा आपला दीड पंख फडफडवी. अप्पा दुसरा हात त्याच लयीत हलवत. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटे, अप्पाच उडायच्या बेतात आहेत.

खाणं आता चोचीत मिळत नसे. शेंगा कागदाच्या पुडीत, पुडी डबीत, डबीचं झाकण सैल. मिरची वाटीखाली पालथी. मक्याचं कणीस वरच्या फळीला बांधलेलं. मल्लप्पा सबंध दिवस झाकणं उडवी, वाट्या ढकली, चमचे खाली टाकून ते वाजतात कसे हे मान वाकडी करून ऐके. एका बाईला त्यातलीच एक डबी आवडली. अप्पा म्हणाले, "ती न्हाई मिळायची, ताई. तिच्यात अभ्यास चालू हाय." हळूहळू छातीवर पिसांची बारीक लव दिसायला लागली. अप्पांचं धोतरही सैल व्हायला लागलं होतं. मी तसं म्हटलं तर म्हणाले, "आजकाल धोतरं इणतातच सैल."

गंगाक्का मला ऐकवून म्हणे, "लगीन झाल्यापासून मी उठा म्हणून राहिले. माझ्यासाठी न्हाई उठले. पाखरासाठी उठले बघा." पण मल्लप्पाच्या पुड्या तीच बांधत होती. आणि एका दुपारी पुडी बांधता बांधताच ती म्हणाली, "जितकं लवकर चढायला शिकंल, तितकं लवकर जाईल की हो."

अप्पांचा हात हवेत थांबला. हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. कुणी बोललं नव्हतं, इतकंच.

वनरक्षक पुन्हा आला तेव्हा मल्लप्पा सुतळीच्या शिडीच्या वरच्या टोकाला बसून कणीस सोलत होता. अप्पांनी त्याला चटकन खाली उतरवून मांडीवर घेतलं. "अजून कच्चा हाय," ते म्हणाले. "पाय धरत न्हाई." वनरक्षकानं एकदा शिडीकडे पाहिलं, एकदा अप्पांकडे. "बरं, पुढल्या खेपेला बघू," म्हणून तो निघून गेला. मी पायरीवर बसलो होतो. अप्पांनी माझ्याकडे पाहायचं टाळलं आणि उगीचच एक स्वच्छ तपेलं पुसायला घेतलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी एक गोष्ट घडायला लागली. बाजारावरून राघूंचा थवा किल्ल्याकडच्या झाडांवर जाई. पूर्वी मल्लप्पा मान वर करून नुसता ऐके. आता तो थव्याचा आवाज आला की शिडी चढून, फळी चढून सगळ्यात वरच्या हंड्यावर जाऊन बसे आणि जीव तोडून ओरडे. थवा लांब जाई तरी याचं ओरडणं थांबत नसे. अप्पा खालून "बा, मल्लप्पा, बा" म्हणत. तो वळूनही पाहत नसे.

एका संध्याकाळी अप्पा स्टुलावर उभे राहून बराच वेळ त्याचं ते ओरडणं ऐकत राहिले. मग खाली उतरले आणि मला म्हणाले, "सर, ह्याला मी इतकं शिकिवलं. पण हा त्येंना काय सांगून राहिला, त्यातला एक शबुद मला कळत न्हाई. घरात एकाला बी कळत न्हाई." त्यांनी चष्मा पुसला. "त्या वनखात्याच्या माणसाला फोन लावा. म्हणावं, पक्का झाला."

गाडी आली त्या दिवशी गंगाक्कानं मल्लप्पासोबत शेंगांच्या इतक्या पुड्या दिल्या, की वनरक्षक म्हणाला, "काकू, मुलगी सासरी चालली का?" अप्पा मात्र दुकानातून बाहेर आलेच नाहीत. काही दिवस ते नुसते बसून होते. शिडी काढू का, असं गंगाक्कानं विचारल्यावर मानेनंच नको म्हणाले.

उन्हाळा सरता सरता आम्ही तिघं बसनं मुखेडमार्गे नांदेडला गेलो. अप्पा वाटेत तीनदा म्हणाले, "ओळखंल न्हवं?" ती जागा गावाबाहेर होती. उंच जाळी, आत खरीखुरी झाडं. कुणाला एक डोळा नाही, कुणाला पाय नाही, कुणाचा पंख वाकडा; सगळे राघू फांद्यांवरून लटकत, चढत, भांडत होते. मल्लप्पाला गंगाक्कानं आधी ओळखलं. तो चिंचेच्या वरच्या फांदीवर होता. शेजारी एक आंधळी मादी बसली होती. मल्लप्पा लुळ्या पायाची फांदीला टेकण देऊन दुसऱ्या पायात चिंच धरून सोलत होता. छाती हिरवीगार भरली होती.

"मल्लप्पा!" अप्पांनी हाक मारली. "बा, मल्लप्पा, बा!"

त्यानं मान वळवली. एक डोळा आमच्यावर रोखला. मग पुन्हा चिंचेकडे वळला. सोललेला गर त्यानं त्या आंधळ्या मादीच्या चोचीशी नेला.

तिथला माणूस म्हणाला, "अजून एकदा मोठ्यानं बोलवा, अप्पा. येईल तो."

अप्पांनी जाळीवर धरलेले हात सोडले. डोळे भरलेले होते आणि चेहरा मुलीचं घर नांदतं पाहून आलेल्या बापासारखा झाला होता.

"नको," ते म्हणाले. "कामात हाय तो."