विस्तवाचं निमित्त

पाहुणा घाईनं उठला की लोक म्हणतात, "विस्तव न्यायला आल्यासारखं काय करता?" हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. हे पहिल्यांदा बोलणारा नक्की पुरुष असणार, आणि उभ्या जन्मात तो कधी विस्तव आणायला गेला नसणार!

आम्ही जायचो. निजामाचं राज्य होतं, लढाईमुळं काडीपेटी मिळायची मारामार. लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावात सकाळी कुणा एकीच्या चुलीतला निखारा घरोघर फिरायचा. मी नवी सून. पाण्याला जायचं तर सासूबाई सोबत, शेतात जायचं तर जाऊ सोबत. एकटीनं उंबरा ओलांडायचा तो फक्त विस्तवासाठी, शेजारच्या घरी. तिथली सून कानडी मुलखातली, माझ्याच वयाची. मी फुटक्या मडक्याची खापरी पुढं केली की ती म्हणायची, "कुंद्रु." म्हणजे खाली बस. मग तव्यावरची गरम भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी, सासरच्यांच्या नकला आणि तोंडात पदर कोंबून हसणं. बोलता बोलता निखारा विझायचा, ती दुसरा घालायची. तोही विझायचा. इतकी चैन मी पुढं कशातच केली नाही.

मग हैदराबादेत नोकरीला असलेले थोरले दीर रजेवर आले, ते काडीपेट्यांचा अख्खा पुडा घेऊनच. म्हणाले, "भिकाऱ्यावानी विस्तव मागत फिरता? घराण्याची इज्जत हाय का न्हाय?" झालं, माझं जाणं बंद. सगळं घर या सुधारणेवर खूश. मला कुणी विचारलं नाही.

आठवड्यानं शेजारीण विहिरीवर दिसली. तिनं तोंड फिरवलं. सासूबाईंची पाठ वळताच दबक्या आवाजात म्हणाली, "आमचं काय चुकलं गं? दोन घरांत विस्तव बी जाईना झाला."

हाडवैर असेल तिथं विस्तव जात नाही, असं आपण म्हणतोच की. तिनं तसंच धरलं होतं, आणि त्यात तिचं तरी काय चुकलं?

घरी येऊन हे सांगितलं तर दीर हसले. हसले! बायकांना रुसायला काय, कायबी पुरतं म्हणे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडलंच. "भावजी, तुमी चार दिसांनी हैदराबादला जाताल. मला इथंच ऱ्हायाचंय." सासूबाई मान वर न करता भाकरी थापत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी चूल काडीनं पेटवून झाली होती, तवाही चढला होता. मी खापरी उचलली आणि निघाले. कुणी अडवलं नाही. अडवलं असतं तरी थांबले नसते. शेजारणीच्या दारातून आमच्या माळवदावरचा धूर चांगला दिसत होता. तिनं तो पाहिला, माझ्याकडं पाहिलं, आणि चुलीतला सगळ्यात मोठा निखारा काढून माझ्या खापरीत टाकला.