त्यांच्या म्हशीसाठी आमीन

"ए पिंजाऱ्याची पोर, तोंड उघड की गं! इंग्लिश शाळेत आमीन म्हणायला शिकवत न्हाईत व्हय?"

ओरडली ती निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याची बायको. सगळे तिला बीबीसाहेब म्हणत. जुम्म्याच्या दुपारी तिच्या सोप्यात बायका नमाज पढायच्या. घरातल्या पुढे, जाजमावर. आम्ही पिंजारी आळीतल्या बायका मागे, चपलांजवळ, तंबाखूच्या रिकाम्या पोत्यांवर. माझी आई कापूस पिंजून त्या घरच्या गाद्या भरायची. जावंच लागायचं.

नमाज संपली की बीबीसाहेब मागे वळायची. आम्ही हात उचलायचे. तिच्यासाठी. तंबाखूला भाव येऊ दे. आमीन. म्हशीचं दूध वाढू दे. आमीन. धाकट्या जावेची खोड मोडू दे. हे आमीन जरा मोठ्यानं. जिचा आवाज चढा, तिला जुनं लुगडं.

माझे वडील बेळगावच्या कॅम्पात एका पाद्र्याकडे खानसामा. त्याच्या शब्दावर मला तिथल्या शाळेत घेतलं होतं. सुटीत निपाणीला यायची. बोलायची कमी. बघायची सगळं.

त्या सुटीत निघताना वडिलांनी मला नमाजेनंतरची एक छोटी दुआ अर्थासकट शिकवली होती. बीबीसाहेब ओरडली तेव्हा मी तीच म्हणत होते. "अल्लाहुम्म अइन्नी अला जिक्रिका व शुक्रिका व हुस्नि इबादतिका."

"काय पुटपुटतीस?"

"दुआ."

"अर्थ तरी ठावं हाय?"

पुढची रांग हसली. आईनं पदर तोंडावर ओढला. मी हात खाली घेतले नाहीत.

"अल्ला, तुझी आठवण ठेवायला, तुझे आभार मानायला, तुझी बंदगी नीट करायला मला मदत कर."

"आनि माझ्या घराचं काय?"

"ते तुम्ही मागा. हात तुम्हालाही आहेत."

तिनं पानाचा डबा पुढे ओढला.

"उद्यापासनं आईला पाठवू नगंस," ती म्हणाली. पान लावायला घेतलं.

वाटेत आई भडकली. "लई शानी झालीस. आता चूल काय तुझी दुआ पेटवनार?" बाजारपेठ ओलांडली. मग हळूच, "नमाजेनंतर आपल्यापुरतं मागितलं तर चालतंय गं?"

वीस वर्षं ती समजत होती की त्यांच्या म्हशीसाठी हात उचलणं हा नमाजेचाच भाग आहे. स्वतःसाठी तिनं कधी काही मागितलंच नव्हतं.

मला बीबीसाहेबचा राग आला नाही. किळस आली. गाद्या भरायचं काम आमच्याकडे, तसं अल्लापुढे हात पसरायचंही आमच्याकडे. ती स्वतः पान चघळत ऐकणार.

आईकडून ती दुआ मी त्याच संध्याकाळी पाठ करून घेतली. अर्थ मराठीत, दोनदा. सुटीचे बारा दिवस उरले होते. आमच्या आळीत अकरा घरं. प्रत्येक घरात जाणार होते, कुणी दार लावलं तर उंबऱ्याबाहेर बसून शिकवणार होते. चूल विझली तरी चालेल. त्या सोप्यात आमीन म्हणायला आमची एकही बाई जाऊ द्यायची नाही.