“हात पळव,” असं मीच म्हणालो होतो

माझ्या एका विद्यार्थिनीचं मनगट मोडलं ते माझ्यामुळे, आणि तिच्या वडिलांसमोर मी दोष तिच्यावरच ढकलला. त्यातलं दुसरं मला जास्त छळत राहिलं.

बदलापूर पूर्वेला माझा कराटेचा क्लास आहे. ती जवळच्या चामटोली गावातून सायकलने यायची. पोलीस भरतीची तयारी करत होती, अंगात धीटपणा यावा म्हणून कराटे. तिचा पंच हळू, पण बघत राहावा असा. आधी पाय घट्ट रोवायचे, मग कंबर वळायची आणि मूठ सरळ जायची. वीस वर्षं मी हेच शिकवत होतो. फार थोड्यांना ते आलं.

पण त्या वर्षी क्लासची मुलं कमी झाली होती. दुसऱ्या एका क्लासचे व्हिडिओ सगळे मोबाईलवर बघत होते, दहा सेकंदांत पोरं धडाधड पंच मारताहेत. मीही स्टॉपवॉच घेऊन उभा राहायला लागलो. ती मागे पडायची.

“काय गं, भात लावतेस का? हात पळव!”

सगळे हसले. तीही हसली. मग म्हणाली, “सर, पळवला की मनगट वाकतंय माझं.”

“मनगटाचं नंतर बघू.”

क्लासच्या जाहीर प्रात्यक्षिकाच्या दिवशी तीन ठिकाणी कौलं मांडली होती. न थांबता एकामागून एक फोडायची. पहिलं फुटलं. दुसऱ्यावर मूठ तिरपी पडली. कौल तसंच राहिलं आणि ती उजवा हात पोटाशी धरून खाली बसली. भरतीची मैदानी चाचणी तीन आठवड्यांवर आली होती. त्याच हाताने तिला गोळा फेकायचा होता.

वडील कंपनीतून तसेच युनिफॉर्मवर दवाखान्यात आले. “पोरगी घाई करणारी नाय हो, सर. झालं काय?”

“मी सावकाश म्हणत होतो,” मी म्हणालो. “ऐकलं नाही तिने.”

तिने माझ्याकडे पाहिलं. वडील प्लास्टर ओलं असतानाच तिच्यावर ओरडले, “सरांचं ऐकायला काय होतं तुला?”

ती भरती हुकली. प्लास्टर निघाल्यावरही ती क्लासला आली नाही. मोरिवलीच्या बाजूला एका कंपनीत पॅकिंगला लागली, असं मुलींकडून कळलं. मी रोज ठरवायचो, जाऊन बोलायचं. वर्ष गेलं.

शेवटी एका रविवारी चामटोलीला गेलो. वडिलांनी खुर्ची दिली, आत चहा सांगितला. ती दारात उभी होती. मी बसलो नाही.

“त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो,” मी वडिलांना म्हणालो. “घाई मी करायला लावली. तिने मला आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.”

वडिलांआधी तीच म्हणाली, “हे तेव्हाच बोलायचं ना, सर. बाबा अजून मलाच बोलतात.”

“हो. तेव्हाच बोलायला हवं होतं. घाबरलो मी, आणि तुला पुढे केलं. चुकलं माझं. मला माफ कर.”