एकाच पंगतीत दोन ताटं

बायांनो, अक्षर वाकडं हाय, पण आजचं आपल्या मंडळाच्या फळ्यावर लिहिल्याबिगर मला चैन न्हाई.

परभणीत सुनेला दवाखान्यात दाखवलं आन् खानावळीत जेवायला बसलो. पोरगी सातव्या महिन्यात. शेजारच्या ताटात बासुंदी पडली. तिनं बघितलं आन् मान खाली घातली. मी मालकाला म्हणलं, "हिला बी वाढ."

"ते स्पेशल ताट हाय, मावशी. जादा पैसे पडतील."

"पोटुशीच्या डोळ्यासमोर वाढायलास आन् वर पैसे मागतूस? मग आत लपवून वाढायचं!"

शेजारच्या माणसानं हातातला घास खाली ठेवला. "हिला वाढल्याबिगर मी जेवत न्हाई." बघता बघता सगळ्या पंगतीनं हात थांबवले. मालक लागला घाम पुसायला.

तेवढ्यात त्याची म्हातारी आई चुलीपुढून उठून पातेलंच घेऊन आली. "लाज वाटू दे रे," म्हणत तिनं आधी माझ्या सुनेला वाढलं, मग सगळ्या पंगतीला. जादा पैसे कुणाकडूनच घेऊ दिले न्हाईत.

सुनेनं दोन वाट्या संपवल्या. मी बी सोडली न्हाई!

आता खरं सांगा, तुमी असता तर गप बसला असता का?